लिटरमागे बावीस

कारखान्यात त्याला हलकापाय म्हणत. चाचणीच्या खोलीत गाडी रोलरवर चढवायची, चाकं जागच्या जागी फिरवायची आणि पडद्यावरच्या रेषेबरहुकूम पाय दाबायचा-उचलायचा, एवढंच त्याचं काम. मागची नळी धूर मोजायची आणि त्यावरून ॲव्हरेज ठरायचं. त्याचा पाय रेष सोडत नाही, ही ख्याती.

म्हणून तर ताईला तो म्हणाला होता, "बावीसचा आकडा माझ्या पायानं आलाय. डोळे झाकून घे."

ताईनं घेतली. गाडी सोळाच्या वर जाईना. भावोजी म्हणाले, मेहुण्याची गाडी उभ्या उभ्याच पळते, रस्त्यावर आणली की दमते. यानं खापर ताईवर फोडलं: तुझा पाय जड. बिचारी पायाखाली अंडं असल्यागत चालवू लागली, मागच्यांच्या शिव्या खाऊ लागली. शेवटी एका सुट्टीला यानं स्वतः चालवून पाहिली. सोळाच. मग मात्र याला रोलरचीच शंका आली.

रोलर किती जड ठेवायचा, ते कारखान्याच्या धावपट्टीवर ठरे. गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची, किती वेळात मंदावते ते बघायचं. वारा नि रस्ता अडवतात तितकंच मग रोलरनं अडवायचं. गाडी जितकी उशिरा मंदावेल तितका रोलर हलका, आणि तितकं ॲव्हरेज जास्त. हे काम काकांचं. सख्खे नव्हेत, पण धंदा त्यांनीच हाताला धरून शिकवलेला. गुरूचा आकडा कोण तपासतो?

तो धावपट्टीवर गेला तेव्हा काका नव्या गाडीच्या दारांच्या फटी चिकटपट्टीनं बुजवत होते. बाजूचे आरसे काढलेले, टायर दगडासारखे फुगवलेले.

"बावीसच्या गाडीलाही असंच केलंत?"

काकांनी पट्टी दातानं तोडली. "दाखवायची वस्तू जरा नटवावी लागते."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझा पाय अडखळला असता. तपासनीस तुझ्याच खोलीत बसतात, बाबा. तुझ्यासारखा सरळ माणूस दिसला की त्यांना पुढं काही विचारावंसं वाटत नाही."

तपासनीस काही विचारत नाहीत ही आपल्या पायाला शाबासकी आहे, असं तो इतकी वर्षं समजत होता.

संध्याकाळी त्यानं ताईला सगळं सांगितलं. भावोजींनी टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

"भांडायचं तर काकांशी भांड," तो म्हणाला.

"काकांना मी ओळखतही नाही," ताई म्हणाली. "गाडी मी तुझ्या शब्दावर घेतली."