पेट्या उलगडणारा फळा

आज सकाळी नऊ वाजता सातवीची गणिताची परीक्षा सुरू झाली. त्याआधीच मला भिंतीवरून उतरवून वर्गासमोरच्या व्हरांड्यात टेकवून ठेवले होते.

मित्रांनो, मी बेरकोवित्सा गावच्या शाळेतला एक जुना डिजिटल फळा आहे. माझ्यावर बोट फिरवले की घन, शंकू, पेट्या गरगर फिरत, उलगडत. मी नवा होतो तेव्हा शेजारच्या गावांतले शिक्षक मला पाहायला येत. पुढे माझा एक कोपरा बधिर झाला. मुले त्यावर टिचक्या मारत आणि ‘आजोबा झोपले’ म्हणत. तरी गणिताच्या स्नेझिना बाई रोज मऊ फडक्याने मला पुसत.

सातवीतल्या रालित्साला राजधानी सोफियातल्या गणिताच्या शाळेत जायचे होते; प्रवेश याच परीक्षेवर ठरणार होता. माझ्यावर आकृती फिरवून ती अचूक उत्तर देई. मी बंद झालो की तिच्या डोळ्यांपुढे काहीच उरत नसे. आणि परीक्षेत मी नसणार होतो.

मार्चमध्ये साऱ्यांच्या मनगटांवर वसंताचे लाल-पांढरे दोरे होते; पहिला करकोचा दिसेपर्यंत ते काढायचे नसतात. बाईंनी खडूची पेटी टेबलावर ठेवली.

“खालच्या या कोपऱ्यातून मुंगी पेटीवरूनच चालत पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात जाणार. सगळ्यात जवळची वाट कुठली?”

सगळ्यांनी कडेकडेनेच वाट काढली.

“रालित्सा, तुझा दोरा काढ आणि ताणून बघ.”

“नको बाई! अजून करकोचा दिसला नाही. आधी काढला तर वर्ष वाया जाईल.”

“तुझं तसंही जाणारच आहे!” ओग्न्यान म्हणाला.

“तू गप रे! तुझी मुंगी बघ, अजून कडेवरच धापा टाकतेय.”

वर्ग खिदळला. बाईही हसल्या. “बरं, नको काढूस. हातच पेटीला लाव.”

तिने दोऱ्याचे लांब लोंबते टोक ताणले. दोरा कड सोडून दोन बाजूंवरून तिरपा गेला. मग तिने माझ्यावर तशीच पेटी उलगडली. मोडलेली वाट सरळ रेघ झाली.

“बाई, आता फळा बंद करा,” ती म्हणाली आणि डोळे मिटून दुसरी पेटी मनातच उलगडू लागली. चुकली. वसंतभर चुकत राहिली, पण कमी कमी.

मित्रांनो, साधने जपा, पुसून ठेवा. आणि वेळेवर बंद करायलाही शिका.

उकाड्यामुळे परीक्षेच्या वर्गाचे दार उघडे आहे. मला न्यायला भंगाराची गाडी फाटकाशी आली आहे. शेवटच्या पानावरच्या पेटीच्या आकृतीशी रालित्सा बराच वेळ डोळे मिटून बसली होती. आत्ताच तिने पेन उचलले.