भुलाबाईचा खाऊ

आमच्या बोळात चौदा घरं. पाच ते दहा वर्षांच्या मुली नऊ. १९१८च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं: बऱ्या पाच, तापात तीन, गेलेली एक.

गेली ती जयवंता, आमच्या विमलची शाळेतली जोडीदारीण. मानमोडी तापाच्या साथीमुळे अकोल्यातल्या शाळा बंद होऊन सोळा दिवस झाले होते. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो, तेही बंद. विमल सात वर्षांची, एकुलती एक. तिला मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी बायकोनं, रमानं, मला खुणेनं माजघराच्या दाराशी बोलावलं. आत विमल मातीच्या भुलाबाईपुढे बसून गाणं म्हणत होती. एक ओळ स्वतःच्या आवाजात, पुढची बारीक, नाकातून. जयवंता तशी गायची.

"सकाळपासून हेच चाललंय," रमा कुजबुजली. "दोन पानं वाढायला लावली. एक तिचं म्हणे."

"लहान आहे. विसरेल."

"कुणाबरोबर खेळून विसरेल? भिंतींबरोबर? परवा कोजागिरी. बोळातल्या चौघींना भुलाबाईच्या गाण्यांना बोलवा."

"त्यातल्या एकीला ताप असला तर?"

"आणि हिला हे असंच लागून राहिलं तर? तुमच्या वहीत त्याचा रकाना आहे का?"

नव्हता.

मग मी दोरीनं अंगण मोजलं. रांगोळीची पाच वर्तुळं काढली, दोहोंमध्ये सहा हातांचं अंतर. टिपऱ्या जिच्या तिनं आणायच्या. वेळ ऊन असतानाची.

कोजागिरीला बोळातल्या बेबीताई आपल्या शकुनला घेऊन आल्या. नदीकाठी त्यांची भाजीची वाडी. वर्तुळं पाहून त्यांना हसूच आवरेना.

"काहो मास्तर, पोरी हायेत का वांग्याचे रोपं? इतक्या लांब लांब लावल्या!"

"जवळ लावली की कीड पसरते ना, बेबीताई?"

"हे बाकी खरं."

"शकुनला खोकला वगैरे?"

"काल शिंकून राहिली होती. मिरच्या तोडत होती ना."

मिरच्यांनी शिंका येतातच, असं मी मनाशी म्हटलं.

मुली गायला लागल्या. विमल पहिल्या गाण्यात दोन्ही आवाज काढत होती. दुसऱ्या गाण्यात पुढची ओळ शकुननं मोठ्यानं उचलली. विमल थांबली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग फक्त आपली ओळ म्हणू लागली. रमानं तोंड फिरवून डोळे पुसले.

गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. रमानं डबा वाजवून दाखवला. कुणालाच ओळखता येईना.

"काकू, हातात द्या ना, मंग सांगतो," शकुन म्हणाली.

रमानं दिला. डबा एका वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळात, या हातातून त्या हातात जाऊ लागला. प्रत्येक मुलगी तो कानाशी हलवायची, झाकणाच्या फटीला नाक लावून जोरात हुंगायची. भुलाबाईचा खाऊ असाच ओळखतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. अंतर ठरवताना ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शकुननं दुसऱ्यांदा हुंगलं आणि डबा विमलला दिला. मी उठलो.

"बाबा, थांबा! मला येतंय ओळखायला!"

शाळा बंद झाल्यापासून ती इतक्या मोठ्यानं बोलली नव्हती. मी उभा राहिलो, हात पुढे केला नाही. तिनं फटीला नाक टेकवलं.

"खोबऱ्याची वडी!"

बरोबर होतं. पाचही जणी टिपऱ्या वाजवत ओरडल्या.

सोमवारी सकाळी बेबीताई फाटकापाशीच थांबल्या. पदर तोंडाशी धरलेला. आज हसणं नव्हतं.

"मास्तर, शकुनले रातीपासून ताप हाय. विमलले सांभाळा."

एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, असं मी वाचलं होतं. कोजागिरीच्या पाच वाजल्यापासून धरलं तर मंगळवारी पाचला बहात्तर तास पुरे होणार होते. रमा उठता-बसता विमलच्या कपाळाला हात लावायची. मी घड्याळ पाहायचो. विमल मात्र दर थोड्या वेळानं विचारायची, "शकुन कधी येईल?" स्वतःच्याच आवाजात.

मंगळवारी चारच्या सुमाराला ती आपणहून चटईवर आडवी झाली. पाय दुखतात म्हणाली. रमानं थर्मामीटर तिच्या जिभेखाली धरला. मी घड्याळात तीन मिनिटं मोजली आणि नळी खिडकीपाशी नेली.

पारा शंभर पूर्णांक सहा दशांशावर होता.