टॉवेलाखालचा व्याजदर

कुणी म्हणजे कुणी यावर विश्वास ठेवणार नाही — काउंटरला सुतळीने बांधलेल्या निळ्या बॉलपेनकडे बघत गेणभाऊ मनाशी म्हणाला — पण या देशाचा व्याजदर माझ्या बोटांवर ठरलाय. आणि इथे पाच रुपयांचं पेन कुणी नेऊ नये म्हणून दाव्याला बांधून ठेवलंय.

फॉर्मवर नाव झालं, रक्कम झाली. 'कालावधी' तेवढा कोरा होता. त्या चौकटीवर पेन टेकवलं की सुतळी ताणायची, आणि सुतळी ताणली की त्याला बरं वाटायचं. विचार करायला वेळ मिळाल्यासारखं. मागे बाकावर साळुबाई, त्याची बायको, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सकाळी महाळुंग्याहून निघताना ती एकदाच बोलली होती, "पाच वर्सं लिवा. पोरापुढं हात पसराया नको." घोडेगावच्या या बँकेपर्यंत तो बसच्या खिडकीतून दुसऱ्यांचे बैल मोजत आला होता. पैसे पाखऱ्या बैलाचे आणि त्याच्या जोडीदाराचे, शेवटची जोडी विकून ठेवीत टाकलेले. मुदत आज संपत होती, आणि ठेवींचे दर उद्यापासून खाली येणार अशी नोटीस काचेवर चिकटवली होती. नोटीस खरी असेलही... पण बैलसुद्धा उठताना आधी गुडघे टेकतोच की, तसंच व्याजही चढायच्या आधी. हे त्याला इतकं पटलं की तो एकटाच हसला.

चाळीस वर्षं बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केली मी. तिथे भाव तोंडाने बोलायचा नसतो. टॉवेल टाकायचा, त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरायची — एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते बैलाकडे बघून समजतं. उन्हाळ्यात रिझर्व्ह बँकेच्या पाहणीची पोरगी ओट्यावर आली, हातात टॅब, आणि विचारायला लागली, वर्षभराने महागाई किती वाढेल असं वाटतं? मुंबईतल्या संशोधनवाल्यांना माहिती हवी होती म्हणे, व्याजाचा विचार करताना ती बघतात. आता सबंध देशाचा भाव, तो काय शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत बोलायचा? टॉवेल टाकला. पंजा दोनदा दाबला. दहा टक्के! पोरगी हुशार, लगेच टिपून घेतलं... आणि एवढी महागाई येणार म्हटल्यावर बँक व्याज वाढवल्याशिवाय राहते होय?

चार महिने तो हे चहाच्या टपरीवर सांगत होता. वर्षाच्या वर ठेव टाकू नका, व्याज चढणार. टपरीवरल्या चिमाजीने तर ऐकून खरंच वर्षाचीच टाकली. मग आज पाच कसे लिहायचे? पाच लिहिले की चार महिने पुसले जातात...

"काय गेणभाऊ, चढलं का व्याज?" रांगेतल्या मागच्या माणसाने विचारलं. जवरीलालशेठ, बाजारपेठेतले कापडवाले. पणजोबा मारवाडातून आलेले, बोलणं मात्र इथल्या मातीचं. काखेत घडी केलेला पेपर. "हे बघा. सरकारी रोख्याचा परतावा उतरला अन् रोख्याची किंमत चढली. दोन्ही एकाच दिवशी. हे उलटं कसं काय, राव?"

"रोखा म्हंजी बैल, शेठ." गेणभाऊने मानही वळवली नाही. असल्या वेळी त्याला स्वतःचाच हेवा वाटायचा. "बैलाचं काम ठरल्यालं. दिसाला एक एकर. तुमी चाळीसला घ्या न्हाईतर साठला, तो एकरच नांगरणार. किंमत चढली की घेणाऱ्याला रुपयामागं कमीच पडणार का न्हाई?"

"वा! अन् लोक साठ देतात कशापायी?"

"कशापायी म्हंजी? फुडच्या बाजाराला येणारी जनावरं हलकी असणार, ह्येचा वास लागला की जुन्यामागं लोक धावत्यातच—"

आणि तो थांबला. वाक्य पुढे उभं होतं, त्याचंच, दावं सोडलेलं. हलकी जनावरं... म्हणजे पुढचं व्याज हलकं. म्हणजे आजचा बैल आजच धरायचा, पाच वर्षांसाठी. हे त्याला आत्ता कळलं, की बसमध्येच कळलं होतं, की चार महिन्यांपूर्वीच?

"म्हणजे उतरणार!" शेठ म्हणाले.

"तसं न्हाई, शेठ. तुमी पेपर वाचता, मी सोता सांगून बसलोय." आवाज आपोआप रांगेभर मोठा झाला. पेन डाव्या हातात आलं, उजवा पंजा वर गेला. "ह्याच पंजानं! टॉवेल टाकला, अन् त्या पोरीचा हात असा दोनदा—"

"अवो, हात प्लास्टरात व्हता की तुमचा!"

साळुबाई बाकावरून उठलीसुद्धा नव्हती. "पार कोपरापत्तूर. बोट हालत न्हवतं, घास मी भरवत व्हते. अन् पोरीनं तुमाला कुठं इचारलं? तुमी घोरत व्हता आत. मला इचारलं तिनं."

रांग हसली, काउंटरवरची मुलगीही. शेठ म्हणाले, "वहिनी, मग तुमी किती सांगितलं?"

"सांगितलं काय सांगायचं त्ये."

गेणभाऊ हसला, सगळ्यांच्या आधी हसला असंच त्याला वाटलं. थाप पकडली जाणं नवं नव्हतं. बाजारात दिवसाला दोन पकडल्या जायच्या. पण किती सांगितलं हिने?... चाळीस वर्षं परक्या माणसांच्या मनातला भाव बोटांनी काढला, आणि ओट्यावर, भिंतीपलीकडे...

ती येऊन शेजारी उभी राहिली. त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक ओढून तिने हातावर घेतलं, आणि त्याखाली त्याचा उजवा पंजा धरला. सबंध. घट्ट.

हे हिला कुणी शिकवलं?

डाव्या हातात पेन होतं, सुतळी ताणलेली, चौकट कोरी. मागून कुणीतरी घाई करा म्हणालं. त्याने हात सोडवून घेतला नाही. भाव पाडताना ओढायचा तसं एक बोटही मागे ओढलं नाही. त्याला फक्त विचारायचं होतं — हळू, रांगेला ऐकू न जाता — किती सांगितलंस गं?