घरचा वाटा

रविवारी दुपारच्या विमानाने विमलाबाई ऑस्ट्रेलियाला कायमच्या जाणार होत्या, आणि बुधवारपासून त्यांनी नवऱ्याला बाहेर खायला न्यायचा सपाटा लावला होता. त्यांच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या शेजारणी म्हणाल्या, जायच्या आधी म्हातारी हौस भागवून घेते आहे. हौस कसली! बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

यशवंतराव रेल्वेच्या मालधक्क्यावर चौतीस वर्षं मालबाबू होते. डब्यांचे नंबर तोंडपाठ असलेला हा माणूस तीन वर्षांपूर्वी न्हाणीघराची वाट विसरला, मग मुलाचं तोंड विसरला, आणि गेल्या दिवाळीत बायकोला म्हणाला, "बाई, तुमी कोणाच्या घरच्या?" विमलाबाईंनी त्याही दिवशी त्यांना अंघोळ घातली, भरवलं, दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवली. अशानं बाई वाळून काटकी झाली, तेव्हा मेलबर्नहून मुलगा शेखर धावत आला.

पोरगं वाईट असतं तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण त्याचं सगळं बरोबर होतं. तिकडच्या सरकारनं आईचा व्हिसा दिला होता, वडिलांचा आजारपणावरून नाकारला होता. सुनेला सातवा महिना लागलेला. वडिलांसाठी त्यानं भनपुरीच्या पुढे म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा पाहिली होती, स्वच्छ, नर्स असलेली.

"मम्मी, तू यहाँ मर जाएगी," शेखर म्हणाला. हिंदी मुलखात वाढलेला; त्याला मराठी सगळं कळायचं, बोलायचा मात्र हिंदीत. "और पापा को तो पता ही नहीं तू कौन है. उनको क्या फर्क पड़ेगा?"

विमलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. तीन वर्षं झोप न मिळालेलं माणूस कशालाही मान हलवतं. पण बुधवारी सकाळी नवऱ्याच्या पायात मोजे चढवताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी मनाशी एक करार करून टाकला. या चार दिवसांत यांनी एकदा, फक्त एकदा माझं नाव घेतलं, तर मी जाणार नाही.

नाव काढायचं कशानं? देवानं या माणसाला जीभच अशी दिली होती की बाकी सगळं विसरेल, चव विसरणार नाही. ड्यूटी सुटली की मित्रांबरोबर कुठे ना कुठे खायला बसायचं, आणि बायकोचा वाटा कागदात बांधून घरी आणायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. घरी येईतो सगळं थंडगार, कागदाला तेल सुटलेलं. "तुमच्या राज्यात मले कधी गरम भेटलं नाही," असं विमलाबाई वर्षानुवर्षं म्हणत आल्या, आणि ते आल्याशिवाय जेवल्याही नाहीत. त्या हॉटेलांची पायरी मात्र त्यांनी या आठवड्यात पहिल्यांदा चढली.

बुधवारी सदर बाजारात पोहा-जलेबी. यशवंतरावांनी पोह्यांवर जास्त शेव मागून घेतली. गुरुवारी दही-कचोरी; कचोरीवाल्याला त्यांनी नावानं हाक मारली. त्याला! विमलाबाईंना त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका. शुक्रवारी टमाटरच्या चटणीबरोबर चिला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं. दर वेळी त्या पुढे वाकून विचारत, "अहो, मी कोण?"

"तुमी? तुमी चांगल्या बाई," यशवंतराव म्हणत आणि बोटं चाटत.

शनिवारी सकाळी शेवटची जागा उरली. मालधक्क्याजवळचं आलूगुंड्याचं दुकान. बटाट्याचे हे गोळे इथे मुठीएवढे करतात. कढईतून काढलेले दोन गुंडे समोर आले. यशवंतरावांनी एक खाल्ला. दुसऱ्याला हात लावला नाही.

"खा ना," विमलाबाई म्हणाल्या. "उद्यापासून कोण आणन तुम्हाले इथं?"

"नाही. हे घरचं हाय." त्यांनी शेजारचा कागद ओढला आणि गुंडा बांधायला घेतला.

विमलाबाई पुढे वाकल्या. "घरी कोण हाय तुमच्या?"

"बायको हाय ना!"

"नाव काय तिचं?" त्यांनी नवऱ्याचं मनगट गच्च धरलं. लोक पाहू लागले, पाहू देत. "नाव सांगा. एक डाव सांगा. पाया पडते तुमच्या!"

यशवंतरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. डोळ्यांत पाणी आलं. "नाव नाही येऊन राहिलं बाई," ते म्हणाले. "पण थे जेवली नसंन. मी गेल्याबिगर जेवत नाही थे. सोडा मले, उशीर होऊन राहिला."

विमलाबाईंनी हात सोडला. करारात त्या हरल्या होत्या. अन् तरी असं रडू फुटलं की दुकानदारानं पाणी आणून दिलं.

ई-रिक्षात यशवंतराव कागद छातीशी धरून बसले होते. घराच्या कोपऱ्यावर विमलाबाई उतरल्या. "भैया, पाँच मिनट बाद इनको दरवाज़े तक छोड़ देना," असं रिक्षावाल्याला बजावून त्या पासष्टाव्या वर्षी पळत सुटल्या. घरात शेखर बॅगेचं वजन करत होता. त्याला ओलांडून त्या आत शिरल्या, चपला काढल्या, पदर खोचला आणि दार लावून मागे उभ्या राहिल्या.

कडी वाजली. विमलाबाईंनी दार उघडलं.

"घे वो," यशवंतराव म्हणाले. "थंडा झाला जरासा."

नाव त्यांनी आताही घेतलं नाही. विमलाबाईंनी उभ्या उभ्या तो गुंडा सगळा खाल्ला. तो थंडच होता. मग त्यांनी बॅग उघडली, आपल्या साड्या बाहेर काढल्या आणि बाळासाठी शिवलेलं दुपटं तेवढं आत राहू दिलं. त्या बाळाला आपण मांडीवर घेणार नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी ते दुपटं एकदा तोंडाशी दाबून धरलं.

"मम्मी," शेखर म्हणाला, आणि त्यानं वजनकाटा उचलून बाजूला ठेवला.

यशवंतराव खुर्चीत बसून पायातले मोजे ओढत होते. "एक बाई मले फिरवून राहिली होती," ते म्हणाले. "कुठं गेली? उद्या येईल का थे?"

विमलाबाई त्यांच्या पायाशी बसल्या आणि मोजा काढू लागल्या.

"हव," त्या म्हणाल्या. "उद्या येणार. रोज येणार."