अठरा वाव

कुणी दारात नासके बोंबील टाकून गेलं असावं, तसं तोंड करून गोवर्धन ओट्यावर बसला होता. आतून मात्र आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

समोर उभी होती सुगंधाबाई. मुंबईची, इमारतींचे नकाशे काढणारी. भाईंदरच्या खाडीवर मिठाचं एक जुनं दगडी गोदाम पडून होतं. ते नीटनेटकं करून तिथं जुनी हातकामं शिकवायचं केंद्र उभं राहणार होतं. आत चार खोल्या. एकीत टोपल्या, एकीत मडकी आणि तीन नंबरच्या खोलीत सणाच्या, म्हणजे तागासारख्या दोऱ्याचं जाळं. साल चौऱ्याहत्तर. नायलॉन आल्यापासून कोळीवाड्यातली सणाची जाळी कधीच माळ्यावर गेलेली.

"काका, तुमच्याशिवाय कोण विणणार?"

"बगू," गोवर्धन म्हणाला. "सवड गावली तर."

आत त्याची बायको हौसाबाई खो खो हसली. "सवड? बाय, पोरानं नायलॉन आनला तवापासून ह्यानं माज्या कोंबड्यांना जाळा इनला, दुधीच्या मांडवाला जाळा इनला. काल माज्याकडं टक लावून बगत व्हता, मी उठून शेजारी गेले."

"गप बस गो!"

पण खोटं काय होतं त्यात? पोरगा विठू एक दिवस तयार जाळं घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, आता आराम करा." तेव्हापासून गोवर्धनच्या बोटांना काय करावं कळेना. ही खोली मिळाली नाही तर बोटं मरेस्तोवर मांडीवर पडून राहणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडानं सांगेल तर तो गोवर्धन कसला.

केंद्राचे सेक्रेटरी महिपतराव. काशीमीऱ्याला त्यांचं ट्रकच्या सुट्या पार्टांचं दुकान, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू सॅम्पल बघून घ्यायची सवय.

"तीन फूट बाय तीन फूट," ते म्हणाले. "फ्रेममध्ये लावतो. नारळी पुनवेला उद्घाटन. सॅम्पल पास, तर खोली तुमची. नाय तर मी वसईचा माणूस आणतोय."

"वसईचा?" गोवर्धन ताठ झाला. "तो गाठ मारतो का लाडू वळतो, ते बगा आदी."

दुसऱ्या दिवशी दोरा, लाकडी सुई सगळं घेऊन तीन नंबरच्या खोलीत बसला आणि तिथंच अडला.

"बाय, होडी कुनाची?"

"होडी कुठली काका? नुसतं जाळं दाखवायचंय."

"होडी न्हाय तर जाळा कसा? माज्या आज्यापासून पयली गाठ होडीचं नाव घेऊन मारतात. मंग होडीच्या मापानं जाळा. तीन फुटाची होडी म्हंजे काय, माजी वहाण?"

सुगंधाबाई हसली. "मग या गोदामाचं नाव घ्या."

ती गमतीनं बोलली. गोवर्धननं गमतीनं ऐकलं नाही. तडक बाहेर गेला, गोदामाच्या भिंतीला पोट लावलं, दोन्ही हात पसरले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, असं मोजत सरकायला लागला. पाण्याची खोली, दोरीची लांबी, कोळ्यांचं सगळं माप वावातच. हौसाबाई मासळीची पाटी घेऊन तिथनंच चाललेली.

"अवं, भिंतीला मिठ्या मारताय? मला कदी मारली न्हाय ती!"

दोन्ही टोकांच्या भिंतींची जाडी सोडून गोदाम भरलं अठरा वाव. गोवर्धननं त्याचं नाव घेतलं आणि पहिली गाठ मारली.

तीन महिने सुई चालत राहिली. तोंडाकडे मोठी घरं, शेपटाकडे बारीक. पहिल्या महिन्यात खोली भरली. मग त्यानं जाळं भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडं सरकवलं, तिथनं आणखी पुढच्या खोलीत. टोपल्या विणणारी चंपा ओरडायची, "गोवर्धनमामा, मी बाई हाय, पापलेट न्हाय!"

पुनवेला पंधरा दिवस राहिले, आणि महिपतराव फ्रेम घेऊन आले. बघतात तर चारही खोल्यांत जाळंच जाळं. त्यांनी कात्री मागवली.

"तीन फूट कापा इथनं. बाकीचं माळ्यावर टाका."

गोवर्धननं सुई खाली ठेवली. "कापा. मंग वसईवाल्याला बोलवा. माजी बोटं पन घेऊन जा म्हनावं त्याला." आवाज चढला नव्हता. दुपारची भाकरी घेऊन आलेल्या हौसाबाईनं ती सुई उचलून पदरात गुंडाळली.

सुगंधाबाईनं कात्री आपल्या हातात घेतली आणि कापायच्या ऐवजी जाळं झरोक्यातून हलक्या हातानं ओढलं. भिंतीचा पोपडा पडला. आत वीट. तिनं कात्रीच्या टोकानं खरवडलं, आणखी वीट. वर सिमेंट. बाहेरच्या भिंती तर हातभर रुंद दगडाच्या.

"ही भिंत जुनी नाहीये!"

"जुनी?" हौसाबाई म्हणाली. "मोठ्या लढाईच्या साली रॉकेलवाल्यानं डबे ठेवाया घातली. आदी सगळा सलग व्हता, मीठ या टोकापासून त्या टोकापातुर."

"मावशी, सहा महिने मी या तिन्ही भिंती जपतेय! यांना चुना लावायचं ठरवलंय! सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस कदी? तू त्यांचे फोटो काढत व्हतीस. आमाला वाटलं, आवडल्या असतील."

सुगंधाबाईनं नकाशा तिथंच जमिनीवर पसरला आणि रबरानं तिन्ही भिंती पुसल्या.

"अहो, चार खोल्या लिहून दिल्यात वर!" महिपतराव कळवळले. "आणि सॅम्पलचं काय?"

"अठरा वावांची फ्रेम करून आणा."

आठ दिवसांत भिंती गेल्या. जाळं पहिल्यांदाच सरळ ताणलं, तर एका दगडी भिंतीपासून दुसरीपर्यंत बरोब्बर बसलं. चार बोटंही उरलं नाही. महिपतरावांनी दोनदा चालून बघितलं, पार्टाला ठोकतात तसं गाठींना टिचकी मारून बघितली आणि फ्रेम चंपाला टोपल्या ठेवायला देऊन टाकली.

"पास," ते पुटपुटले.

"काका, तुमची जागा कुठे काढू?" सुगंधाबाईनं पेन्सिल पुढं केली.

गोवर्धननं नकाशावर खाडीकडच्या दारापाशी बोट टेकलं. "हितं एक खुंटी काढ. दोरा अडकवाया." मग नाक खाजवलं. "महिपतराव, तो तुमचा वसईवाला."

"त्याचं काय?"

"बोलवा त्याला पन. एवडा जाळा, दुसऱ्या टोकाला कुनीतरी लागंल."

"व्हय," हौसाबाई पाटी उचलत म्हणाली. "लाडू वळाया."