नऊ चिंचोके

"मी इथी बसतो. बोलणार नाई, हात लावणार नाई," असं म्हणून सोमाजी पंपघराच्या दारात पालथ्या बादलीवर बसला. आत कलाबाई पंपासमोर उभी होती आणि गावातली बारावी झालेली रंजीता सोमाजीनं लिहिलेला कागद वाचून दाखवायला तयार होती. कलाबाईला वाचता येत नव्हतं, पण गावचा पंप चालवायचं काम तिचंच होतं.

एटापल्लीपासून बरंच आत, जंगलातलं हे गाव. आषाढात नाला भरला की पोळ्यापर्यंत रस्ता बंद. विहिरीवरचा सौरपंप तेवढे दिवस मेकॅनिकशिवाय चालायला हवा. मागच्या पावसाळ्यात दहाव्याच दिवशी त्यातलं पाणी उतरलं, तो पुन्हा चालू करताना मोटर जळाली आणि गावावर नाल्याचं पाणी प्यायची वेळ आली. घरोघरी हगवण लागली. 'चालकाच्या चुकीमुळे मोटर जळाली,' असा अहवाल सोमाजीनंच लिहिला होता.

सोमाजी पंपांच्या दुरुस्तीत अठ्ठावीस वर्षं मुरलेला माणूस. आता निवृत्तीला महिनाच उरला होता. जाण्याआधी गावांना पंपाची सोपी माहिती लिहून द्यायची, ही त्याची हौस. मागच्या वर्षीचा त्याचा कागद दोन पानांचा होता. लोकांना तेवढंही झेपत नाही असं ठरवून यंदा त्यानं तो पाच ओळींवर आणला होता. शेंबड्या पोरालाही जमेल, असं तो ऑफिसात सांगत फिरला होता.

रंजीता वाचू लागली. पंपात काठोकाठ पाणी भरा. बूच घट्ट लावा. टाकीकडचा कॉक बंद करा. बटण दाबा. कॉक हळूहळू उघडा. कलाबाईनं एकेक काम जपून केलं. मोटर गुणगुणू लागली, पण पाणी काही वर चढेना.

सोमाजीचा नेम मोडला. तो धावत आत गेला आणि त्यानं बटण बंद केलं. कुरकुरत त्यानं सगळं स्वतः पुन्हा केलं, तर पाच मिनिटांत टाकीत पाण्याची धार पडली. "मी काई येगळं केलं काय? कागदात लिवलं तेच केलं," तो वैतागून म्हणाला.

दाराबाहेरच्या चिंचेखालून कलाबाईनं मूठभर चिंचोके वेचून आणले, पंप बंद केला, त्यातलं पाणी सोडून दिलं आणि सोमाजीला पहिल्यापासून करून दाखवायला सांगितलं. सोमाजीच्या कपाळाला आठी पडली. आता हिच्यापुढं परीक्षा द्यायची? पण पाऊस चार दिवसांवर आला होता. तो कामाला लागला. त्यानं एक काम केलं की कलाबाई जमिनीवर एक चिंचोका मांडत होती.

"भाऊ, कागदावर पाच कामं हायेत," शेवटी ती म्हणाली. "तुमच्या हातानं नऊ केले."

मग एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून तिनं सांगितलं. पाणी भरल्यावर त्यानं मोटरचा दांडा बोटांनी अर्धा फिरवला. बुडबुडे वर आले, ते संपेपर्यंत तो थांबला. उतरलेलं पाणी पुन्हा काठापर्यंत भरलं. आणि बटण दाबल्यावर कॉक उघडायच्या आधी पाइपावर तळहात ठेवून पाणी चढल्याची थरथर जाणवते का ते पाहिलं. ही चार कामं कागदात कुठेच नव्हती.

सोमाजी आपल्याच हातांकडे पाहत राहिला. पंपात हवा अडकली की पाणी चढत नाही आणि मोटर जळते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं, पण ती काढायला आपण रोज काय करतो, हे त्याला माहीतच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं जे त्याचं त्याला दिसलं नव्हतं, ते या बाईनं दोनदा बघून उचललं होतं. इतकं बारीक बघायला कुठे शिकलात, असं त्यानं विचारलं.

"आमच्या इथी मध काढणारा तोंडानं काई सांगत नाई. त्यालेच सांगता येत नाई," कलाबाई साधेपणानं म्हणाली. "त्याचे हात पाहा लागते."

नवा कागद नऊ ओळींचा झाला. कलाबाई सांगत गेली, सोमाजी लिहीत गेला, रंजीतानं प्रत्येक ओळीपुढे चित्र काढलं. मग कलाबाईनं एकटीनं पंप चालवला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा सोमाजीला बरं वाटायच्या ऐवजी लाज वाटली.

"बाई, मागच्या सालची मोटर तुमच्यानं नाई जळली. माह्या कागदानं जळली. त्या दोन पानांतबी हे चार कामं नव्हते."

"मले मालूम होतं, भाऊ. पण गावाले तुमच्या अहवालाचा कागदच खरा वाटला," कलाबाई म्हणाली. तेव्हापासून कुणी तिला शिव्या दिल्या नव्हत्या, पण नळाच्या ओळीत तिला कुणी जागाही देत नव्हतं. सगळ्या बाया घरी गेल्यावर ती पाणी भरायची. "तुमीच सांगा बायांले. मी सांगून उपेग नाई."

सोमाजी बाहेर आला. टाकीच्या नळावर बाया पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, घेऊन ओळीत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊन त्यानं सांगितलं की चूक त्याची होती, कलाबाईची नव्हती, आणि तो अहवाल तो स्वतःच्या हातानं बदलणार आहे. मग सगळ्यात पुढे असलेल्या म्हाताऱ्या धुरपतानं आपला अर्धवट भरलेला गुंड नळाखालून काढला आणि बाजूला ठेवला. नळ तसाच वाहत राहिला. कलाबाई पंपघरातून रिकामा गुंड घेऊन आली आणि तिनं तो धारेखाली ठेवला.