चेंबरचा बोल्ट

चन्नवीर पिकअपखाली उताणा सरकला आणि त्यानं बॅटरीचा उजेड इंजिनच्या ऑइल-चेंबरवर धरला. जुनं ऑइल सोडायच्या भोकातल्या बोल्टचं डोकं तुटून कुठंतरी पडलं होतं. उरलेला तुकडा आट्यांमध्ये अडकून बसला होता. त्याच्या कडेनं गळालेल्या ऑइलवर धूळ चिकटून वाळली होती.

"दिसतंय का मिस्त्री?" बाहेरून बिरुदेवनं विचारलं.

"दिसतंय."

"दगडच बसला असणार."

चन्नवीरनं उजेड फिरवला. चेंबरच्या तळाला कुठंही खरचटलेलं नव्हतं.

बिरुदेव मंद्रूपकडच्या एका वस्तीवरचा. याच पिकअपमधून तो सोलापूरला भाजीपाला आणायचा, आणि गाडीचं सगळं काम विजापूर रोडवरच्या चन्नवीरच्या गॅरेजातच करायचा. नऊ दिवसांपूर्वी सकाळी त्याच्या बायकोला, संस्कृतीला, कळा सुरू झाल्या. तिला शेजारी बसवून तो दवाखान्याकडं निघाला तो ओढ्याच्या दगडाळ रस्त्यानं, जवळचा म्हणून. निम्म्या वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि गाडी थांबली. दुसरं वाहन मिळेपर्यंत तास गेला. बाळ जिवंत आलं नाही. तेव्हापासून ओढ्यापाशीच उभी असलेली पिकअप आज ट्रॅक्टरला बांधून आणली होती. इंजिन जाम झालं नव्हतं. चन्नवीरनं आधी हातानं फिरवून पाहिलं, तर फिरलं.

"हायवेनं चला म्हणाली होती ती," बिरुदेव म्हणाला. तो चाकाजवळ उकिडवा बसला होता आणि टायरच्या नक्षीत अडकलेली माती काडीनं उकरत होता. "दोनदा म्हणाली. मी म्हटलं, वीस मिनिटं वाचत्यात."

चन्नवीरनं ड्रिल चालू केलं. तुकड्याच्या मधोमध बारीक भोक पाडायला त्याला बराच वेळ लागला.

"दवाखान्यातनं ती करकंबला आईकडं गेली. माझा फोन घेत न्हाय. सासू म्हणती, चांगला रस्ता सोडून दगडात कशाला घातली गाडी? बरोबरच हाय की." काडी मोडली. त्यानं दुसरी शोधली. "गाडी झाली की जाऊन येतो. काय बोलायचं ठाऊक न्हाय. पर जातो."

भोकात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून चन्नवीरनं पाना हळूहळू फिरवला. तुकडा कुरकुरला, सुटला आणि त्याच्या तळहातावर आला. त्यानं तो पुसून उजेडात धरला.

तुटलेली बाजू सगळी सारखी नव्हती. कडेला थोडं लोखंड नवं, चकचकीत होतं. बाकीचं काळं पडलं होतं, ऑइल मुरून. चीर जुनी होती.

कळा सुरू व्हायच्या पाच दिवस आधी त्यानंच या गाडीचं ऑइल बदललं होतं. बोल्टखालचा तांब्याचा वायसर, ऑइल अडवणारी चकती, झिजला होता आणि नवा गॅरेजात नव्हता. दुकान दोन चौक पलीकडं. पण मेव्हण्याच्या घरी साखरपुडा होता, बायकोचे दोनदा फोन येऊन गेले होते. त्यानं जुनाच वायसर ठेवला आणि गळू नये म्हणून पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला. शेवटच्या फेऱ्याला बोल्ट जरा सैल पडल्यासारखं हाताला जाणवलं होतं.

तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला असता, तर कुणाला कळलं नसतं; त्यात असे शंभर होते.

तो गाडीखालून बाहेर आला. हात पुसायचं त्याला सुचलं नाही.

"बिरू, दगड न्हाय."

बिरुदेवनं वर पाहिलं.

"हे काळं दिसतंय का? ही आधीची चीर हाय. मी जास्त आवळला होता. रस्त्याचा काय संबंध न्हाय. तू हायवेनं गेला असतास, तरी तुटलाच असता."

बिरुदेवनं तुकडा घेतला, बोटांत फिरवला. "तवाच कळलं हुतं तुमाला?"

"कळलं न्हवतं." चन्नवीर थांबला. "शंका आली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू."

बिरुदेव उठला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला. दोन उसाचे ट्रॅक्टर गेले, एक एसटी गेली. चन्नवीर जागचा हलला नाही. आता तो येऊन मारणार, असं त्याला वाटत होतं आणि त्यानं मारावं, असंही.

बिरुदेव परत आला. त्याचे डोळे लाल होते.

"नवा बोल्ट हाय का?"

"हाय. पर दुसऱ्या कुणाकडनं तरी—"

"बसवा. मला चारच्या आत करकंबला पोचायचंय."

चन्नवीरनं आटे साफ केले. नवा वायसर घातला, बोल्ट आधी बोटांनीच आत नेला आणि मग आखूड पान्यानं आवळला. ऑइल भरून इंजिन चालू केलं. बिरुदेव खाली वाकून त्या बोल्टकडं कितीतरी वेळ बघत राहिला. थेंब आला नाही. मग तुकडा शर्टाच्या खिशात टाकून तो गाडीत बसला आणि निघून गेला.

दुपारी चन्नवीरनं डबा उघडला नाही. साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"चन्नवीर मिस्त्री का? मी संस्कृती. बिरुदेवांच्या घरातनं."

"बोला ताई."

"ह्यांनी लोखंडाचा तुकडा आणलाय. म्हणत्यात, तुमच्या हातनं झालं."

"व्हय."

"खरं सांगा. त्यांनीच तुमाला असं बोलायला लावलंय का? आमी त्यांना बोल लावू नये म्हणून?"

चन्नवीर स्टुलावरून उठून उभा राहिला.

"न्हाय ताई. त्यांनी काय सांगितलं न्हाय. चूक माझीच हाय."

 तिकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"पोरगी होती," ती म्हणाली. "डोक्यावर लई केस होते."

 चन्नवीरनं हातातलं फडकं स्टुलावर ठेवलं.

तिनं फोन ठेवला नव्हता. हातात तसाच विसरली असावी. पावलं वाजली, कडी निघाली. मग तिचा आवाज लांबून आला, त्याच्यासाठी नसलेला.

"आवो, गाडीतच का बसलाव? ऊन लागतंय. आत या की."

जरा वेळानं पिकअपचं दार उघडल्याचा आवाज आला. चन्नवीरनं फोन कानापासून दूर केला आणि हळूच बंद केला.